आंतरराष्ट्रीय फुलपात्र

रत्नागिरीत आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन अजिंक्यपदाचे सामने एकदाच झाले, आणि ते माझ्या घरापुढच्या खळ्यात झाले. हे मी सांगितलं की लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर माझ्या ओळखीची आहे. वर्गात मी ग्रीनलंड दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं अशीच बघायची. पण सामने झाले हे खरं. दोन राष्ट्रं होती, पंच होते, पोलीस बंदोबस्त होता, चषक होता. प्रेक्षक म्हणाल तर नऊ माणसं आणि सहा मांजरं. मांजरांचं कारण पुढे येईलच.

साल एकोणीसशे पस्तीस. मी भूगोलाचा मास्तर. जगातली झाडून सगळी बंदरं मला पाठ होती आणि प्रत्यक्ष प्रवास म्हणाल तर मुंबईपर्यंत दोनदा, दोन्ही वेळा बोट लागलेली. त्यामुळे माझं बाकीचं सगळं जग मी मांडवीच्या धक्क्यावर बसून, समुद्राकडे तोंड करून पाहिलं. संध्याकाळी सूर्य बुडायच्या जागी मी एडन धरायचो, त्याच्या जरा डावीकडे झांझिबार. सावित्री, म्हणजे माझी बायको, घरातून हाक मारायची तेव्हा मी बहुतेक मोंबासाच्या आसपास असायचो आणि तिथून परत यायला वेळ लागायचा. जेवण त्यामुळे रोज गार व्हायचं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या आळीतला लवू रजेवर आला. लवू परदेशी बोटीवर खलाशी. त्यानं येताना पिनांगहून दोन रॅकेटी आणि पत्र्याच्या डब्यात डझनभर फुलं आणली. फुलं म्हणजे ती पिसांची, बुडाला बूच असलेली.

"मास्तर, काय सांगू तुम्हाला," लवू म्हणाला, "तिकडं पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळा गाव ह्योच खेळ खेळतो. उन्हं उतरली की घराघराच्या पुढ्यात फुलं उडताना दिसतात नुसती."

आणि त्यानं एक फूल वर मारून दाखवलं. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी वर जाऊन खाली पडताना पाहिल्या आहेत. चेंडू पडतो, नारळ पडतो, एकदा मी स्वतः माडीवरून पडलो होतो. पण हे फूल वर गेलं, तिथे क्षणभर थांबलं, खाली जावं की न जावं याचा त्यानं विचार केला, आणि मग अगदी नाइलाजानं ते खाली आलं. मी तिथेच गारद झालो.

त्यातच मी वर्तमानपत्रात वाचलं होतं की आदल्या वर्षी विलायतेत नऊ देशांनी मिळून या खेळाचं आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं. नऊ देशांत डेन्मार्क होता, न्यूझीलंड होता, आणि ज्या हिंदुस्थानात, आपल्या पुण्याच्या लष्करात, हा खेळ मोठा झाला त्याचं नाव नव्हतं. भूगोलाच्या माणसाला ही गोष्ट लागते. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी मी लवूला सांगितलं की आंतरराष्ट्रीय सामने रत्नागिरीत होतील, आणि याच महिन्यात होतील, कारण पुढे पावसाळ्यात बोटी बंद.

"भरवा की," लवू म्हणाला. "परदेशी गडी मी आणतो. माझ्याबरोबर सांतान म्हणून बटलर होता बोटीवर. गोव्याचा. पोर्तुगालची रयत आहे तो, तसा कागदच आहे त्याच्यापाशी. आपल्याकडनं मी खेळतो. पिनांगात मी त्याला कितीदा हरवलाय."

झालं. जग येणार होतं, तेही दक्षिणेच्या बोटीनं.

आमचे शेजारी महिपतराव कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी सल्ला फार शिल्लक राहिला होता. त्यांनी पहिल्या दिवशी मुख्य पंचाचं पद आपल्याकडे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जावयाचं नाव पुढे केलं. जावई सावंतवाडीचा. "संस्थान आहे. राजा वेगळा म्हणजे राष्ट्र वेगळं," असं त्यांचं म्हणणं. नकाशात रंग वेगळा आहे हे मलाही मान्य करावं लागलं. पण जावईबापूंनी उलट टपाली विचारलं की आमरसाची सोय दोन्ही वेळची आहे की एका वेळची, आणि तो अर्ज तिथेच निकालात निघाला.

"ते असू दे," महिपतराव म्हणाले. "चषक कुठाय? चषकाशिवाय अजिंक्यपद कायद्यानं टिकणार नाय, मास्तर."

आमच्या घरात चषकासारखी दिसणारी वस्तू एकच होती. सावित्रीचं चांदीचं फुलपात्र. ते तिच्या आईचं. बुडाखाली ठिपक्याठिपक्यांनी 'काशी' असं नाव घातलेलं. आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात ते मिरवायला नव्हे. शेजारी काही चवीचं पाठवलं तर भांडं ओळखून परत यावं म्हणून. आणि ते परत येताना रिकामं येत नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात येतेच. सावित्री लहानपणी त्या फुलपात्रातून दूध प्यायची. आई गेल्यावर माहेरहून तिच्याकडे एवढीच एक वस्तू आली होती.

मी विषय काढला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली.

"न्या," ती शेवटी म्हणाली. "पण ते घराबाहेर जाता कामा नये. आईचं एवढंच आहे माझ्यापाशी."

"अगो, लवू जिंकणार हे ठरलेलंच आहे. चषक हिंदुस्थानात राहणार, म्हणजे आपल्याच फळीवर."

"आणि त्याच्यावर काय खोदायबिदायचं नाय. एकच नाव राहील त्याच्यावर."

मी शब्द दिला. धोंडू सोनाराकडे ठरवून आलेलं खोदकाम रद्द केलं आणि 'आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद' असं सुंदर अक्षरात कागदावर लिहून तो कागद खळीनं फुलपात्राला चिकटवला. खळ वाळल्यावर तो गळून पडला. मी पुन्हा चिकटवला. सामने संपेपर्यंत तो रोज गळायचा आणि मी रोज चिकटवायचो.

पुढची पायरी परवानगीची. मैदान सरकारी, म्हणून मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाकडे जत्रा, उरूस, सर्कस आणि कुस्त्या यांचे छापील अर्ज होते. बॅडमिंटनचा नव्हता. बऱ्याच विचारान्ती त्यानं जत्रेचा अर्ज काढला.

"गुरं किती येणार?"

"गुरं नाहीत. राष्ट्रं येणार आहेत. दोन."

त्यानं गुरांच्या रकान्यात 'दोन' लिहिलं. "आपलं सोडून दुसरं कुठलं?"

"पोर्तुगाल."

"तिथल्या राजाची संमती?"

आता गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचा भूगोल ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हणालो, "पोर्तुगालात राजा नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच त्यांनी त्याला घालवला." कारकुनाचा टाक हवेतच राहिला. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा दाराबाहेरच्या शिपायाकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, "राजाला घालवणारी माणसं इथं येणार, आणि तीही जमावानं?" मी म्हटलं, जमावानं नव्हे, एकच. त्यानं तेही लिहून घेतलं. निकाल असा लागला की सरकारी मैदान नामंजूर, खाजगी जागेत हरकत नाही, मात्र एक हवालदार हजर राहील आणि रोज अहवाल देईल.

अशा रीतीनं अजिंक्यपद माझ्या खळ्यात आलं. खळं सारवलेलं, सपाट, लांबीला पुरेसं. एका टोकाला तुळशीवृंदावन होतं तेवढीच अडचण. महिपतरावांनी नियम केला की फूल तुळशीवर पडलं तर गुण कुणालाच नाही आणि मारणाऱ्यानं नमस्कार करायचा. सीमारेषा सावित्रीनं रांगोळीनं आखल्या, दोरी न धरता, आणि मी फूटपट्टी लावून बघितल्या तर एकही रेघ वाकडी नव्हती. जाळं आणलं विठू तांडेलाकडून. विठू बोटीवरून उतारूंना धक्क्यावर आणणाऱ्या पडावाचा तांडेल. त्याचं जुनं मासे धरायचं जाळं आम्ही तीनदा धुतलं, रिठ्यानं धुतलं, उन्हात घातलं. तरी ते बांधल्यापासून तासाभरात आळीतली सगळी मांजरं त्याच्याखाली येऊन बसली आणि पुढे अखेरपर्यंत बसून राहिली.

विठूनंच आम्हाला खरी मेख सांगितली. तो आला, जाळ्याकडे बघितलंन, आभाळाकडे बघितलंन आणि म्हणाला, "मास्तर, हे पिसाचं फूल. वाऱ्यात खेळणार कसं?"

ते आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मांडवीला वारा नाही असं कधी होतच नाही. होतं, पण फक्त दोनदा. पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते. सकाळी नऊच्या सुमारास ती पडते. मग समुद्रावरून खारा वारा उठेपर्यंत मध्ये अर्धा तास, फार तर पाऊण तास, काही म्हणजे काही हलत नाही. संध्याकाळीही तसाच थोडा वेळ सापडतो. मी इतकी वर्षं तिथे राहिलो, पण त्या वेळी मी शाळेच्या वाटेवर नाहीतर मोंबासाला असायचो. त्या दिवशी प्रथमच खळ्यात उभं राहून मी ती वेळ बघितली. माडाची झावळी हलत नव्हती. पोफळी चित्रातल्यासारख्या उभ्या. चुलीचा धूर सरळ वर जात होता. लांब बंदरात एक गलबत शीड सैल सोडून नुसतं उभं होतं. आख्खं गाव जरा डुलकी काढून घेत होतं आणि मला वाटलं, जगातला कुठलाही सामना व्हावा तर अशाच वेळी व्हावा.

ठरलं. सामना रोज सकाळी फक्त त्या वेळात. विठू वाऱ्याचा पंच. त्यानं "पडला!" म्हणायचं की सुरू, "उठला!" म्हणायचं की बंद.

आणि सांतान येण्याच्या आठ दिवस आधी लवूला तार आली. त्याची बोट मुंबईहून लवकर सुटत होती. "मास्तर, आता तुम्हीच खेळा," धक्क्यावर पडावात पाय ठेवता ठेवता लवू म्हणाला. "फूल बघत रहायचं, दुसरं काय नाय त्याच्यात."

घरी येऊन मी सावित्रीला सांगितलं. फळीवरचं फुलपात्र तेवढं तिनं उचललं, पदरानं पुसलं आणि परत ठेवलं. मग पदर खोचून म्हणाली, "चला. दुसरी रॅकेट द्या मला. कुणाशी तरी खेळल्याशिवाय शिकणार कसे तुम्ही?"

परसात, आळीला दिसणार नाही अशा ठिकाणी, संध्याकाळी वारा पडला की आम्ही खेळायचो. मी बेचाळीस वर्षांचा, धोतराचा काचा मारून धावायचो. सावित्री धावायची नाही. फूल जिथे यायचं तिथे ती आधीपासून असायची. मी विचारलं, कसं कळतं तुला? "आंब्याची साठं वाळत घातली की कावळा कुठनं येणार ते बघायला लागतं," ती म्हणाली, "त्याच्याहून हे फूल सावकाश येतं." आठ दिवसांत तिनं मला निम्मा खेळाडू केला. उरलेला निम्मा होण्याइतकं वय माझं राहिलं नव्हतं.

सांतान आला त्या दिवशी मी कोट, रुमाल, हातात हार, असा धक्क्यावर उभा. माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्या विजारीतला, उंच, भुरे केस भुरभुरणारा पोर्तुगाल. विठूच्या पडावातून पन्नाशीचा एक काटकुळा माणूस उतरला. एका हातात छत्री, दुसऱ्यात वेताची पेटी, आणि बूट भिजू नयेत म्हणून नाडीनं गळ्यात अडकवलेले.

"देव बरें करूं, मास्तर," बुटांवरून हार घालून घेत तो म्हणाला. त्याचं बोलणं म्हणजे अर्धं मराठी, अर्धं गोव्याचं. "म्हाका वाटलें, लवू थट्टा करता."

त्याची सोय महिपतरावांनी आधीच ठरवून टाकली होती. परदेशी आणि शिवाय ख्रिस्ती, तेव्हा झोपणं-जेवणं ओटीवर, पान केळीचं, आणि पाण्याला कान तुटलेला चिनी पेला, तो निराळा ठेवायचा. मी भिंतीवर जगाचा नकाशा लावणारा माणूस. मी काही बोललो नाही. मला त्याची तेव्हाही लाज वाटली आणि अजून वाटते. सांताननं तो पेला हातात घेतला, तुटलेल्या कानाच्या जागी बोट फिरवलं आणि पाणी पिऊन "थंड आसा" एवढंच म्हणाला.

सामना सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की लवू पिनांगात त्याला कधीही हरवत नसणार. पहिला डाव मी पंधरा-आठ असा हरलो. पण तेवढ्याला दोन दिवस लागले, कारण महिपतराव. त्यांनी चाळीस वर्षं कोर्ट पाहिलेलं. प्रत्येक गुण ते लिहीत, दोन्ही पक्षांना वाचून दाखवत आणि सह्या घेत. मध्येच मांजर खेळात आलं तर त्याची नोंद होई. विठू "उठला!" म्हणाला की महिपतराव चष्मा काढून सांगत, "सामना उद्या सकाळी मतलई पडेपर्यंत तहकूब." बंदोबस्ताचा शिवा हवालदार पायरीवर बसून अहवाल लिही. पहिल्या दिवशीचा त्यानं मला वाचून दाखवला. 'दोन इसम जाळ्याच्या दोन बाजूंस राहून एकमेकांकडे फूल टाकीत होते. हेतू समजला नाही.'

दिवसाचे उरलेले तेवीस तास सांतान आमच्या ओटीवर. संध्याकाळी वारा पडला की सावित्रीबरोबर परसात थोडा सराव, आणि दिवेलागणीनंतर मी बंदरांची नावं घ्यायचो आणि तो त्यांचे वास सांगायचा. मार्सेय म्हटलं की साबण. झांझिबार म्हटलं की लवंग, "इतकी की कपडे धुतले तरी जायना." एडनला कसलाच वास नाही, नुसतं ऊन. मी वीस वर्षं शिकवलेलं जग मला पहिल्यांदाच नाकात शिरल्यासारखं झालं. सावित्री दाराआड भाजी चिरत ऐकत असायची. एकदा तिनं आतूनच विचारलं, "आणि आमच्या रत्नागिरीला कसला वास येतो हो?" तो विचार करून म्हणाला, "बाय, तुज्या चुलीचो."

एवढ्या चांगल्या माणसाशी मी जे केलं ते सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या डावाच्या आधी, मी पाहुणचाराचा हत्यार म्हणून उपयोग केला. सकाळी सातला त्याच्या पानात घावन, वर नारळाचा रस, मग फणसाचे गरे, मग पायरीचे चार आंबे. "घ्या हो, लाजू नका," मी म्हणत होतो आणि मनात फळीवरचं फुलपात्र बघत होतो. तो बिचारा घेत गेला. नऊला वारा पडला तेव्हा सांतानला वाकता येत नव्हतं. चौथ्या दिवशी तसंच. दुसरा डाव मी पंधरा-अकरा जिंकला. आळीत माझं नाव झालं. महिपतरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

सावित्रीला कळायचं राहिलं नाही. त्या रात्री पानं वाढताना ती म्हणाली, "उद्या त्यांना मी पेज देणार. नुसती पेज आणि मेतकूट."

"अगो, पण फुलपात्र..."

"माणसाला जेवायला घालताना मनात असलं काय ठेवायचं नसतं. फुलपात्र गेलं तर गेलं."

तिनं हे सरळ सांगितलं, रागानं नाही. पण मग आत जाऊन ती फळीपुढे किती वेळ उभी राहिली ते मला दिसत होतं. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी ठरवलं, उद्या काहीही करून खरोखरीचं जिंकायचं.

पाचवा दिवस. दुपारी दक्षिणेला जाणारी बोट येणार होती आणि ती त्या मोसमातली शेवटची. सांतान पेज पिऊन हलका झाला होता. वारा पडला. मी त्या दिवशी जसा खेळलो तसा आधी कधी खेळलो नव्हतो आणि नंतर तर नाहीच. पाच-पाच झाले. नऊ-नऊ झाले. महिपतराव सह्या घ्यायचं विसरले. तेरा-तेरा झाले. मग त्याचे चौदा. एका गुणाचा प्रश्न होता. दाराच्या चौकटीत सावित्री उभी होती, हातात पळी तशीच.

सांताननं फूल उंच मारलं. फार उंच. ते माडाच्या शेंड्याइतकं वर गेलं आणि उन्हात पांढरं होऊन तिथे थांबलं. झावळ्या स्तब्ध, धूर सरळ, मांजरं सगळी एकाच दिशेला मान करून. लवूनं सांगितलं होतं, फूल बघत रहायचं. मी बघत राहिलो. ते वळलं, डोकं खाली केलं, पिसं पसरली आणि हळूहळू, अगदी कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेतानं ते खाली येऊ लागलं. इतकं सुंदर काही मी कुठल्याच नकाशात पाहिलं नव्हतं. ते माझ्या पायापाशी रांगोळीच्या आत टेकलं तेव्हा माझ्या हातात रॅकेट आहे याची मला आठवण झाली.

"निकाल," महिपतराव खोल आवाजात म्हणाले. "पोर्तुगाल."

पाटावर फुलपात्र ठेवलेलं होतं. कागद पुन्हा गळला होता. महिपतराव भाषणाला उठले, तेवढ्यात सावित्री बाहेर आली आणि तिनं ते फुलपात्र उचलून आत नेलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी खाली मान घातली. चषक जिंकणाऱ्याला द्यायचा शब्द मी दिला होता, तिनं नव्हे. ती परत आली ती फुलपात्र ओल्या नारळाच्या वड्यांनी काठोकाठ भरून.

"रिकामं कसं द्यायचं?" ती म्हणाली, आणि तिनं ते पाटावर न ठेवता, ओटीवर न सरकवता, सरळ सांतानच्या हातात दिलं. महिपतराव खाकरले. सावित्रीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सांताननं एका हातानं डोकीवरची टोपी काढली.

मंडळी पांगली. महिपतरावांना आंघोळीची घाई झाली होती, हवालदाराला अहवालाची. वारा अजून उठला नव्हता. सांतान फुलपात्र तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून म्हणाला, "बाय, मास्तराक कोणें शिकयलें तें म्हाका कळ्ळें. परसांतले आवाज ओटीर येतात. ये, रांगोळी आसा अजून."

सावित्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझी रॅकेट पुढे केली.

तो खेळ मी आणि कुंपणावर बसलेला विठू, अशा दोघांनीच पाहिला. सावित्रीनं पदर खोचला आणि रांगोळीच्या आत उभी राहिली, आणि मला वाटतं त्यानंतर ती तिथून फारशी हललीच नाही. फूल तिच्याकडे यायचं आणि परत जायचं. सांतान धावत होता, हसत होता, धापा टाकत होता. कुणी गुण मोजले नाहीत. मी मनात मोजले. तिचे अकरा झाले तेव्हा त्याचे चार होते. मध्येच पोफळीचा शेंडा हलला, माझ्या कानाला खारी झुळूक लागली. मी विठूकडे पाहिलं. वाऱ्याचा पंच विठू, आभाळाकडे बघून नुसता विडी ओढत होता. त्यानं "उठला" म्हटलं ते तिचे पंधरा झाल्यावर. सांतान जमिनीवर बसला आणि हात जोडून हसला. सावित्री चुलीवर काहीतरी करपतंय म्हणत आत पळाली.

दुपारी बोट आली आणि फुलपात्र गेलं.

त्या पावसाळ्यात फळीवर भांड्यांच्या ओळीत एक जागा मोकळी होती. सावित्रीनं दुसरं काही तिथे ठेवलं नाही आणि मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी सांतानला पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो, कारण अजिंक्यपद परत मागायचं कुठल्या तोंडानं? महिपतराव म्हणाले, लेखी करार करून घेतला असतात तर नोटीस देता आली असती. समुद्र चार महिने करडा होता. धक्क्यावर बसायला गेलो तरी एडनच्या जागी मला फळीच दिसायची.

दसऱ्याच्या आधी बोटी सुरू झाल्या. तिसऱ्या की चौथ्या बोटीच्या दिवशी विठू दारात आला, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"बोटीवरच्या माणसानं दिलंन," तो म्हणाला. "त्या सांताननं धाडलंन. सांगून पाठवलंन, रितं भांडं परत करू नये म्हणून भरून पाठवतोय. आणि म्हणालान, जिंकणाऱ्याचं नाव चषकावर घालायची रीत असते, तीपण पाळलीय."

एकच नाव राहील असं सावित्री म्हणाली होती. आता तिच्या आईच्या नावाशेजारी एका बटलराचं नाव कायमचं खोदलेलं असणार, आणि ते सगळं माझ्या खेळामुळे. मी फडकं सोडलं. आत सोललेले काजू, काठोकाठ. सावित्रीनं ते एका ताटात ओतले, फुलपात्र पदरानं पुसलं आणि उलटं केलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, तरी ती ते एक नाव फार वेळ वाचत होती. मग तिनं ते माझ्या हातात दिलं.

'काशी' होतं तसंच होतं. त्याच्या खाली, तशाच ठिपक्याठिपक्यांनी, नवीन अक्षरं होती: 'सावित्री'.

मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद विजेत्याच्या घरी परत आलं होतं आणि गेले चार महिने मी तिच्याच हातचं जेवत होतो, गार. मी काहीतरी म्हणणार होतो, भाषणासारखं, पण सावित्री तिथे नव्हती. माझ्या हातातलं फुलपात्र कधीच फळीवर आपल्या जागी गेलं होतं. परसातून तिचा आवाज आला.

"अहो, त्या रॅकेटी घेऊन या बघू. वारा पडलाय."